राखून ठेवलेली चौकट

१० नोव्हेंबर, सोमवार
बसत नाही म्हणजे नाही! चिपच्या नकाशातला माझा तुकडा — मोठे ब्लॉक वजा केले, रिकाम्या ठेवायच्या राखीव चौकटी वजा केल्या, उरलेल्या जागेत सर्किटचे बारीक ठोकळे ९३ टक्के भरतायत. ऐंशीच्या वर गेलं की तारांना वाट कुठून द्यायची? हितेश ऑनलाइन मीटिंगमध्ये म्हणाला, "मिताली, शुक्रवारपर्यंत सांग, नाहीतर चिप मोठी करावी लागेल." अख्ख्या दिवसात माझ्याशी बोललेला एकच माणूस. तोही बॉस!

११ नोव्हेंबर
पेणहून आईचा फोन. बाबा गेल्यापासून एकटीच आहे. "मी येऊन राहू का गं सुकापूरला?" म्हटलं, आई, जागा कुठाय? एका खोलीत माझं ऑफिस, दुसरीत सुशांतची खोकी. "अजून नेली नाहीत त्याने?"
जुलैत गेला माझा नवरा घर सोडून. खोकी न्यायला तरी येईल म्हणून खोली राखून बसलेय मी! हे आईला कसं सांगू? उगाच चिडले तिच्यावर. प्रभाकरदादाकडे तर विचारायलाच नको — वन रूम किचन, चार माणसं.

१२ नोव्हेंबर
वरणभात. दिवसभरात कुणाशीच बोलले नाही.

१३ नोव्हेंबर
सापडलं! स्क्रीनवर जागा रिकामी दिसते, रिपोर्टमध्ये मात्र नाही. सकाळपासून हाताने मोजत बसले. शेवटी नकाशाचे सगळे लेयर चालू केले — कोपऱ्यात ही एवढी मोठी चौकट! 'इथे काही ठेवू नये.' टाकणारी कोण? मीच. १४ जुलै. तो गेला त्याच आठवड्यात. तात्पुरती टाकली, डोळ्यांसमोर नको म्हणून लेयर बंद केला आणि विसरले. सॉफ्टवेअर बिचारं रोज ती जागा इमानदारीत वजा करतंय! काढली. ७६ टक्के. हितेश म्हणाला, "एवढंच होतं?" हो रे बाबा, एवढंच.
मग त्या खोलीचं दार उघडलं. खोकी किती? पाच! मला वाटायचं, खोली भरलीय. गॅलरीत सरकवली, झाडून काढलं. आईची कॉट खिडकीशी लावायची. खूप रडले.

१४ नोव्हेंबर
सकाळीच फोन लावला. "आई, ये. जागा आहे."
ती म्हणाली, "अगं, काल प्रभाकर घेऊन आला मला. त्याच्याकडेच आहे."
चार माणसं, आई पाचवी!
"तूच ये दोन दिवस," म्हणाली. "माझ्याजवळ झोप. करू जागा."