‘कवाड’ गाण्यातला भाऊ

मेडशी,
१२ ऑक्टोबर २०२५

पल्लवीताई,
सप्रेम जयभीम.

आई-बाबा बरे आहेत. सोयाबीन सोंगून झालं. बाबाचा गुडघा दुखतेच. मी काल रातपासून घरी आहो. बसलं की उठावं वाटते, उठलं की कुठं जावं समजत नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून अकोल्याच्या पत्त्यावर लिहून राह्यलो.

आमच्या ‘खटका’ बँडचा पहिला अल्बम निघाला, हे तुले माहीतच असंल. पुण्याच्या एका पेपरात आलं, “गिटारचा गोंगाट कच्चा, पण दमदार.” मुंबईच्या एका वेबसाइटनं पाचपैकी दोनच तारे दिले, गाणाऱ्याले श्वास कुठं घ्यावा ते कळत नाही म्हणे. रिसोडच्या एकानं लिहिलं, “आमचं थ्रेशर याच्यापेक्षा सुरात चालते.” मी अन् अर्पित लय हासलो. अर्पित म्हणजे वाशीमच्या कापड दुकानवाल्या देवेंद्रकुमारजींचा. ड्रम तोच वाजवते.

पण एक गाणं सगळ्यांनी उचललं. ‘कवाड’. त्या दोन तारेवाल्यानंही लिहिलं, या गाण्यातल्या खरेपणासाठी अल्बम ऐका. लातूरच्या एका बाईनं लिहिलं, “असा भाऊ मला असता तर.” ते वाचल्यापासून मले जेवण जात नाही.

तू ऐकलंच असंल. सासरहून पिशवी घेऊन आलेली बहीण, मान खाली घालून बसलेला बाप, अन् भाऊ कवाड उघडून म्हणते, ‘ये, हे तुहंच घर आहे.’ मुलाखतीत विचारलं, हे खरं घडलं का? मी म्हणलो, “हो, माह्या बहिणीचं आहे.” तवापासून तू माहा फोन उचलत नाहीस. आईले मी सांगत होतो, न विचारता गाणं केलं म्हणून ताई रागावली.

तेवढंच नाही, हे मले माहीत आहे.

तू खरंच सासरहून पिशवी घेऊन आलती तवा मी म्हणलो होतो, “दोन दिवसांत सारं निवते. चाल, सोडून देतो.” शेलूबाजारले जीपमध्ये मीच बसवलं तुले. वरून तुह्या सासूसाठी डझनभर केळी घेऊन दिली. चार महिन्यांनी सासरच्यांनी तुह्या हाताचं हाड मोडलं, तवा तू इकडं आली नाही, एकटीच अकोल्याले गेली. इकडं कशी येशील?

काल वाशीमले कार्यक्रम होता. ‘कवाड’ची फर्माइश झाली. अर्पितनं काठ्या उचलल्या, अन् मी माइकवर बोललो, “या गाण्यातला भाऊ खोटा आहे. मी बहिणीले परत पाठवलं होतं.” मागून एक बाई ओरडली, “तं गाणं कायले केलं असं?” मी तसाच खाली उतरलो.

अर्पित चिडला. “लेका, याच गाण्यावर लोक येऊन राह्यले!” तरी आज सकाळी त्यानंच ते गाणं नेटवरून सगळीकडून काढून टाकलं.

आई पहिल्या रांगेत होती. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणे, “लोकाइले सांगतलं. तिले सांगतलं का?”

म्हणून हे पत्र. तुले लिहायचं ते मी आधी दुनियेले सांगून बसलो, तेही चुकलंच. उत्तर दे म्हणत नाही.

तू घरी आलती, ताई. मी तुले घरात घेतलं नाही.

संघदीप