कोरडी भिंत

४ जून
आलो एकदाचे नव्या घरात! तिसरा मजला, ऐसपैस हॉल, आणि बाथरूम एवढी मोठी की चिमणीने आल्या आल्या तिथे नाचून घेतलं. लेक चार वर्षांची, पण आवाज चाळीस जणांचा. हवा मात्र इतकी दमट की टॉवेल वाळायचं नाव घेत नाही. नळाच्या वर भिंतीला तळहाताएवढी काळी बुरशी आहे. ती बघून ह्यांनी मला चिडवलं, म्हणाले, आता तुला इथे करमेल. आहेच मी स्वच्छतेची वेडी.

६ जून
हे कामासाठी परगावी गेले, महिनाअखेरीला येतील. मी कंबर कसून बुरशीच्या मागे लागले. हातमोजे, नाकाला फडकं, खिडकी सताड उघडी. पाण्यात ब्लीच कालवून लावलं, जुन्या टूथब्रशने फरश्यांमधल्या फटी घासल्या, मग भिंत कोरडी पुसून घेतली. बुरशीचा मागमूस उरला नाही. खालच्या काकू सांगून गेल्या की आंघोळ झाली की खिडकी उघडी ठेव आणि ओलं काही आत टांगू नकोस.

१३ जून
चिमणीला खोकला. आमच्या माहेरी खोकल्यावर एकच उपाय, वाफ. पातेल्यातल्या गरम पाण्याला ती घाबरते, म्हणून बाथरूमचं दार-खिडकी लावून गरम पाण्याचा नळ सोडला आणि तिला मांडीवर घेऊन बसले. छाती लगेच मोकळी झाली. आता सकाळ-संध्याकाळ हेच चाललंय.

१८ जून
बुरशी परत आली, थेट छतापर्यंत. काकूंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, अगं, वाफ देऊन तूच तिला पोसलीस. मला माझाच राग आला. डॉक्टरांचंही म्हणणं तेच, बुरशी घालवा, खोकला जाईल. वाफ बंद केली. दिवसभर पंखा लावून ठेवला.

२० जून
बाथरूम खडखडीत कोरडी. बुरशी सुकून करडी पडली. चिमणीचे ओठही. आता खोकत नाही ती, नुसता श्वास ओढते. न राहवून नळ सोडला. वाफेत शिरताच हसली. भिंतही काळीभोर झाली.

२३ जून
ब्लीचचा एकच बोळा फिरवला, वरच्या कोपऱ्यात. चिमणी हॉलमध्ये खेळत होती. किंचाळली. धावत गेले. खांद्यापाशी कातडी सोललेली — ब्लीचला तिने हात लावला नव्हता. देवाशपथ नव्हता.

२५ जून
भिंतीला केलं ते चिमणीला होतं, हे डॉक्टरांना पटत नाही. काकूंना वाटतं मीच तिला भाजलं. ह्यांना फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाले, तुझी झोप झालेली नाही, मी येतो आणि प्लास्टरच उडवतो. मी रडले, नको म्हणून विनवलं. मग तिला उचलून घराबाहेर पळाले. रस्त्याच्या वळणावरच तिचा श्वास —
परत आले. काय करू?

२७ जून
हे आले. भिंत खरवडायचं मशीन घेऊन. बाथरूमचं दार त्यांनी आतून लावलंय. हाका मारल्या, दार बडवलं, त्या आवाजात त्यांना काही —
हे पान फाडून दाराखालून सरकवते.
अहो, बंद करा. पाया पडते. भिंतीवर नाही चालत ते. इथे, माझ्या मांडीवर, तिच्या