सहावा किलोमीटर

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिली! पंचेचाळीस ते एकोणपन्नास वयोगटात पहिली! एक तास एकवीस मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. माझ्याच क्लबची हिल्के दुसरी, माझ्या मागे अडतीस सेकंद. एका गटातून एकच बाई स्वीडनच्या अंतिम शर्यतीला जाणार — ती मी! पाय इतके सुजलेत की मोजे निघत नाहीत. ओल्डेनबुर्गपासून घरापर्यंत गाडी पपांनी चालवली. वाटेत दोन वाक्यं बोलले. आमच्या पपांचं ते भाषणच.

सोमवार, १० फेब्रुवारी

सगळे आकडे आले. चष्म्याच्या दुकानातलं काम संपवून घरी आले ती कोट न काढताच बसले आणि कागदावर उतरवून काढले.

आठ वेळा एकेक किलोमीटर पळायचं आणि प्रत्येकानंतर एक हमाली — वजनं रचलेली घसरगाडी ढकला, यंत्रावर वल्हं मारा, वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन गुडघे टेकत चाला. पळण्याचे माझे आकडे: ४:५८, ५:०७, ५:१९, ५:२४, ५:३६. दमत गेलेय, दिसतंय. मग सहावा — ४:११. सातवा पुन्हा ५:३४, आठवा ५:५२.

चार अकरा! विशीतसुद्धा मी असा किलोमीटर पळाले नसेन. आणि तोही वल्हं मारून उठल्यावर! यानेसचा निरोप आलाय. आमचा क्लबमधला प्रशिक्षक, वय माझ्या निम्मं. "सहाव्याच्या आधी काय प्यायलीस, टॉम्के? मलाही दे ना!"

मी हसले. मग हसू आलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

घड्याळातली पावलं काढली. काढायला नको होती. बाकी सात किलोमीटर — हजार तीस, हजार चाळीस, दहा-वीस इकडेतिकडे. सहाव्यात सातशे ब्याऐंशी.

त्या हॉलमध्ये चार फेऱ्यांचा किलोमीटर. मी तीनच मारल्या.

एका फेरीला ऐंशीच्या वर सेकंद. हिल्के अडतीस सेकंद मागे. शाळकरी पोरालाही जमेल असा हिशेब.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नियम साधा आहे. यंत्र फक्त हमालीच्या जागेत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ टिपतं. फेऱ्या ज्याच्या त्याने मोजायच्या, इमानाने. एक कमी पडली की बाद.

पण मी मोजत नव्हते. पपा मोजत होते. कठड्याला उभे राहून दर फेरीला आकडा ओरडायचे, चौथी झाली की "आत!" सहाव्याला मला माझं नावसुद्धा सांगता आलं नसतं. ते "आत!" म्हणाले, मी आत गेले.

चाळीस वर्षं क्लबच्या मैदानावर शेवटच्या फेरीची घंटा त्यांच्या हातात होती. दहा हजार मीटर, पंचवीस फेऱ्या, डझनभर पळणारे, आणि सगळे डोक्यात. एकदा सख्खा भाऊ शर्यत संपली समजून गवतावर आडवा झाला, तर त्याला म्हणाले, "ऊठ. अजून एक आहे." काका वर्षभर बोलला नाही त्यांच्याशी.

आता चौऱ्याहत्तर वय. आई जाऊन दोन वर्षं झाली, एकटे राहतात. मागच्या महिन्यात शेजारणीचं नाव आठवेना. चहाचा डबा फ्रीजमध्ये सापडला. मी हसण्यावारी नेलं. किती मूर्ख मी!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

क्लबमध्ये यानेसने माझे आकडे भिंतीवर लावले. मोठ्ठे करून! "बघा, म्हातारे पाय काय करतात ते. सहावा बघा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून बुटाची नाडी बांधत राहिले.

हिल्केने सफरचंदाचा केक आणला होता. माझ्यासाठी. तीन वर्षं आम्ही दोघी मंगळवार-गुरुवार ती घसरगाडी ढकलतोय. तीन वर्षं ती एकच म्हणतेय — एकदा तरी अंतिमला. "तू जाणार म्हणजे निम्मी मीच गेले," म्हणाली. "पण खरं सांग टॉम्के, वल्ह्यावर आपण शेजारी होतो ना? मग तू गेलीस कुठे?"

"पळत होते," म्हटलं.

केक खाल्ला. दोन तुकडे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पपांकडे चहा. खडीसाखर, साय, नेहमीचं. सहज विचारल्यासारखं विचारलं, "पपा, सहाव्यात किती फेऱ्या झाल्या माझ्या?"

कपात बघत बसले. मग म्हणाले, "चार. चारच असतात." आणि उठून खिडकी लावली. खिडकी लावलेलीच होती.

घरी येऊन न्हाणीत बसून रडले. माझ्या बापाचं डोकं काम देईनासं झालंय आणि ते मला एका शर्यतीच्या कागदावरून कळावं!

रविवार, १६ फेब्रुवारी

खरं सांगितलं तर पपा संपतात. नाही सांगितलं तर हिल्केचं तिकीट मी खाते. झोप नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आयोजकांना ईमेल टाकला. "सहाव्या किलोमीटरला फेऱ्या मोजण्यात माझी स्वतःची चूक झाली." पपांचं नाव नाही. दुपारपर्यंत उत्तर. निकालातून नाव काढलंय, प्रामाणिकपणाबद्दल आभार. प्रामाणिकपणा!

गुरुवार, २० फेब्रुवारी

हिल्केला स्वतः सांगायला हवं होतं. आयोजकांचा ईमेल आधी पोचला.

ती कपडे बदलायच्या खोलीत बसली होती. "कधी कळलं तुला?"

"अकरा तारखेला."

तिने बोटांवर दिवस मोजले. खरंच मोजले. "आठवडाभर गप्प होतीस! माझा केक खाल्लास गं! तुझे पपा, आमचे फोल्कर्टकाका, होते ना तिथे मोजायला? ते चुकत नाहीत. तूच त्यांचं ऐकलं नसशील. दिसला असेल तुला शॉर्टकट."

मी हो म्हणून मान हलवली. दुसरं काय करणार होते? यानेसने भिंतीवरचा कागद काढला, माझ्याकडे न बघता. माझ्याशी एकही माणूस बोलला नाही. निघताना पिशवी विसरले, ती आणायला परत जायची हिंमत झाली नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

रक्तदाबाचं निमित्त सांगून पपांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी त्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. बाहेर आल्यावर पपांनी टोपी घातली आणि म्हणाले, "रक्तदाब, काय?" बस्स. माझ्यासाठी वाळूची पोती स्वतः शिवणारा हा माणूस — आणि मी त्यांना फसवून नेलं.

शनिवार, १ मार्च

क्लबला गेले नाही. पळायलाही नाही. बूट दाराशी आहेत, त्यांच्याकडे बघवत नाही. पपाही फोन उचलत नाहीत. हिल्केने स्वीडनचं तिकीट काढलं, असं ऐकलं. तिचं चांगलं होवो. हे मनापासून लिहितेय की नाही, माहीत नाही.

बुधवार, ५ मार्च

डॉक्टरबाईंचा फोन. तीसपैकी एकोणतीस गुण! "तुमचे वडील माझ्यापेक्षा भराभर वजाबाकी करतात." डबा, शेजारीण — म्हणाल्या, असं सगळ्यांचं होतं, एकटं राहिल्यावर जास्त.

आनंदाने नाचायला हवं होतं. दिवसभर एकच डोक्यात — डोकं शाबूत आहे, मग चूक कशी झाली?

शुक्रवार, ७ मार्च

पपा आले. कोट काढला नाही, बसले नाहीत. आधी क्लबमध्ये जाऊन सगळ्यांसमोर सांगून आले होते, मग इकडे.

"तीनच झाल्या होत्या. मला माहीत होतं."

मी त्यांच्याकडे खुर्ची सरकवली.

"वळणावर तुझं तोंड बघितलं. पांढरंफटक. ओठ निळे. तुझी आई शेवटच्या दिवशी बांधावर फिरताना अशीच दिसत होती. 'थांबू या,' म्हणाली. मी म्हणालो, थोडंच राहिलंय, चल. पन्नास पावलं चालली ती, मग कोसळली." टोपी हातात फिरवत राहिले. "तुला नाही म्हणू शकलो, पोरी, की अजून एक आहे."

गेला महिनाभर मी समजत होते की पपा विसरायला लागलेत.