मसाल्याच्या डब्यातली चिमूट

मु. गडमुडशिंगी

चि. क्रांती हिला हंबीरमामाचा आशीर्वाद (घेणार असलीस तर).

वसतिगृहात वेळेवर जेवतीस न्हवं? इकडं सगळी बरी हायत. आक्काचा, म्हणजे तुझ्या आईचा, गुडघा तेवढा कुरकुरतोय, आणि मला जेवण जात न्हाय (काल दोनच भाकरी खाल्ल्या). फोनवर माझा आवाज उगाच चढतो, म्हणून हे पत्र.

पोरी, त्या काचेचं डोक्यातनं जाईना बघ. विद्यापीठातली भट्टी बंद पडली म्हणून तू हक्कानं शिरोलीला मामाच्या फौंड्रीत आलीस. मी तर आजूबाजूच्या कारखान्यांत सांगून आलतो, आमची भाची काच वितळवणार हाय, जांभळ्या उजेडाच्या बॅटरीखाली धरली की लालभडक उजळणारी! तू समजावलं होतंस की, उजेड युरोपियम नावाच्या धातूचा, चांदी त्याला जोर देते, पण चिमूटभरच. जास्त झाली तर तीच उजेड मारते. मी मान डोलावली. (मान डोलावणं निराळं आणि समजणं निराळं, हे तुला आता कळलं असंल.)

मग तुझ्या सरांचा फोन आला, तू बाहेर गेलीस, आणि काचेच्या मुशीपाशी मी एकटा. लोखंड ओतायच्या आधी त्यात मसाल्याची चिमूट टाकायची, न्हायतर माल ठिसूळ होतो. ह्यात माझा जन्म गेला. रस दिसला की हात आपोआप डब्यात जातो. डबा फेरोसिलिकॉनचा. काचेत सिलिकॉन, ह्यातबी सिलिकॉन, म्हटलं घरचाच पावणा हाय, जाऊ दे आत! त्यात लोखंडपण असतं हे मला, लोखंडावर पोट भरणाऱ्याला, आठवू नये? आणि लोखंड उजेड गिळून टाकतं, हे तू नंतर सांगितलंस, तेबी अगदी शांतपणे.

परीक्षकांपुढं तो शेवाळी तुकडा काय उजळला न्हाय. होती नव्हती ती युरोपियमची पूड त्यात गेली, पदवी लांबली, आणि घरी येऊन तू काय सांगितलंस? माझंच प्रमाण चुकलं! आक्का भर पंगतीत तुला बोलली, एवढं शिकून काय उजेड पाडलास म्हणून, आणि मी शेजारी बसून आमटी ओरपत होतो. लाज वाटते गं मला. लय वाटते.

नवी पूड मिळाली की ये. भट्टी तुझी. मी फाटकाबाहेर बसीन, डब्याला कुलूप लावीन.

तुझा चुकलेला मामा,
हंबीरराव

ता. क. फाटकाबाहेर ऊन लय असतं. खिडकीतनं बघितलं तर चालंल का? हात खिशात ठेवतो.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी आक्काला खरं काय ते सांगून आलो. मला वाटलं लाटणं फेकून मारंल. तसलं काय न्हाय. तव्यावरची भाकरी तशीच सोडून रडत बसलीया, पोरीला उगाच बोलले म्हणून. माझं राहू दे, आधी तिला फोन कर.