पडण्याला इंग्रजीत काय म्हणतात

मास्तर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या कबरीवरची अक्षरंही आता लागत नसतील. तिथे मी कधी आले नाही, येणारही नाही. पण काल नातीने अभ्यास करता करता मला विचारलं, 'कोलॅप्स' आणि 'गिव्ह वे' यांत फरक काय? मी तो तिला इतका नेमका सांगितला, आणि तोही तुमच्याच सुरात, की त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

लढाईचे दिवस होते. राहुरीपलीकडच्या त्या गावात मिशनच्या मुलींच्या शाळेचे तुम्ही हेडमास्तर. मी सातवीची फायनल पास होऊन खालच्या वर्गांना शिकवत होते आणि दुपारी तुमच्याकडे इंग्रजी शिकत होते. पडण्याचे, मोडण्याचे शब्द म्हणजे तुमचा जीव की प्राण. फळ्यावर तुम्ही ते एकाखाली एक लिहायचात आणि दोन पावलं मागे सरून बघायचात, जणू स्वतःच घडवलेत. बेत फसला की 'फॉल थ्रू', मोटार बंद पडली की 'ब्रेक डाउन', छत खचलं की 'केव्ह इन'. एवढ्यावर तुमचं भागत नसे. नापास झालेल्या मुलीला तुम्ही उभं करायचात आणि हिला यातला कोणता शब्द लागू पडतो, ते वर्गाला विचारायचात. पाथर्डीकडची एक बिनआईची पोर अशीच उभी राहून रडायला लागली, तेव्हा तुम्ही हरखून म्हणालात, "पाहा पाहा, 'ब्रेक डाउन'चा दुसरा अर्थ!" वर्ग हसला. मीही हसले. तुमच्याइतकं इंग्रजी पंचक्रोशीत कुणाला येत नव्हतं, आणि तेवढ्यावर गाव तुम्हाला मोठा माणूस समजत होतं. मला आता त्या गावाचीही कीव येते.

त्या श्रावणात आठवडाभर झड लागली होती. बोर्डिंगच्या स्वयंपाकघराची मागची भिंत मातीची. तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाईंना आम्ही सगळ्या मावशी म्हणायचो. त्या पिठाच्या हातांनीच तुमच्या ओट्यावर आल्या.

"मास्तर, भितीला पोट आलंय. हात लावला की माती गळती. दोन दिसांत पडंल बगा."

तुम्ही चहा बशीत ओतत होतात. वर न बघता म्हणालात, "मिशनच्या साहेबांना अर्ज करू."

"अर्जानं टेकू लागतोय व्हय? दोन वासे द्या, मी लावून घेते गड्याकडनं."

"मिशनच्या लाकडाला साहेबांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही."

मावशी माझ्याकडे बघून गेल्या. अर्ज लिहायचं काम माझ्यावर आलं, कारण माझं अक्षर बरं होतं. भिंत पडते आहे, असं मी इंग्रजीत लिहिलं. तुम्ही लाल शाईने ते खोडलंत. "पडताना दिसते आहे का तुला? मग 'इज फॉलिंग' कसं?" दुसऱ्या दिवशी मी 'कोलॅप्स' लिहिलं. "ते अचानक होतं. अचानक होणार हे तुला आधीच कसं कळलं?" तिसऱ्या दिवशी 'गिव्ह वे' लिहून आणलं, तर म्हणालात, कशाच्या भाराने ते नाही लिहिलंस, साहेबांपुढे माझं हसं करायचंय का. त्या दिवशी मी पुन्हा लिहायला बसले नाही. कागद तुमच्या टेबलावर तसाच राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी मुली प्रार्थनेला गेल्या होत्या आणि मावशी भाकरी थापत होत्या, तेव्हा भिंत खाली आली. आम्ही धावलो. गडी हातांनी चिखल उपसत होते. मावशींचा उजवा पाय मांडीपासून खाली दिसत नव्हता, आणि त्या सारखं एकच विचारत होत्या, "पोरी कुटं हायेत? सगळ्या हायेत ना?" तुम्ही छत्री धरून उभे होतात. एक पाटीभर माती तुम्ही उचलली नाहीत. धोतराला चिखल लागू नये म्हणून तुम्ही मागे सरकलात, ते मी पाहिलं. मावशींना बैलगाडीतून नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथे पाय कापावा लागला. पुढे त्या भावाकडे गेल्या, पाथर्डीच्या बाजूला एका वाडीत, आणि भावजयीच्या तुकड्यावर राहिल्या. मी एकदाही भेटायला गेले नाही.

आठ दिवसांनी गोरा साहेब चौकशीला आला. तुमच्या खोलीत आपण तिघंच होतो. त्याने विचारलं, भिंत धोक्यात आहे हे मला कुणी कळवलं का नाही? तुम्ही मान खाली घालून बसला होतात. पुढे जन्मभर मी ही गोष्ट ज्याला सांगितली त्याला असंच सांगितलं, की मास्तरांनी मला खोटं बोलायला लावलं. नवऱ्याला तेच सांगितलं, मुलांनाही तेच. तुमच्याविषयी कुणालाही ते सहज पटायचं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे लिहिते. तुम्ही मला काही बोलायला लावलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तुम्ही मान वर केलीत, ओठ हलवलेत, आणि काय बोलणार होतात ते मला आजही माहीत नाही, कारण तुमच्याआधी मी बोलले. मला ट्रेनिंग कॉलेजला जायचं होतं आणि तुमच्या शिफारशीवाचून ते होणार नव्हतं. मी साहेबाला स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, अर्ज मी स्वतः टपालात टाकला होता, वाटेत गहाळ झाला असावा. साहेबाने मान हलवली आणि टोपी उचलली.

तो गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "वाक्य बिनचूक होतं."

आणि मास्तर, मला फार आनंद झाला होता.