गप्पांमधला ‘आम्ही’

जयपूर, ऑगस्ट २००९

प्रिय स्वानंदी,

तुझा आणि अनिमेषचा ‘रविवारच्या गप्पा’ हा पॉडकास्ट आम्ही बायका अजून नेमानं ऐकतो. तिलक नगरातल्या आपल्या घरी दुपारचा चहा झाला की मी कम्प्युटर लावते. शेजारच्या इंदुबाई स्पीकरजवळची खुर्ची सोडत नाहीत. प्रणिता लष्कराच्या क्वार्टर्समधून स्कूटरवर येते. परमुलखात अर्धा तास मराठी कानावर पडतं, एवढ्यासाठी. इंदुबाई त्याला अजून रेडिओच म्हणतात.

उन्हाळ्यानंतर कार्यक्रमाच्या सुरुवातीची बासरी गेली, त्यावरून इथे बरीच चर्चा झाली. नव्या गिटारला इंदुबाईंनी भरपूर नावं ठेवली. मग अनिमेष शेवटी कोडं घालायचा, तेही बंद झालं. प्रणिता म्हणाली, बंगळूरला त्याचं ऑफिसचं काम वाढलं असेल. मीही मान डोलावली, कारण फोनवर त्यानंही तेच सांगितलं होतं.

मला बासरीचं फारसं काही वाटलं नाही. पण पूर्वी तू ‘आम्ही परवा बाजारात गेलो’ म्हणायचीस, आता ‘मी गेले’ म्हणतेस, ते कानाला लागलं. एकदा आमटीबद्दल बोलताना म्हणालीस, एका माणसाला मूठभर डाळ पुरते. त्या दिवशी माझा चहा तसाच राहिला.

गेल्या आठवड्यात अनिमेष येऊन गेला. जेवताना त्याला सरळ विचारलं, तेव्हा वेगळे झाल्याचं त्यानं सांगितलं. कारणं सांगायला लागला, पण मी त्याला थांबवलं. तू समोर नसताना ती ऐकणं मला बरं वाटेना. माझं बीपी वाढेल म्हणून मला इतक्यात कळवू नकोस असं तूच त्याला सांगितलं होतंस, हेही तेव्हा कळलं.

काल इंदुबाईंनी हुकूम सोडला, सुनेला ईमेल करा, अनिमेषला परत बसव म्हणावं, नाहीतर आम्ही ऐकणं बंद करू. सगळ्या हसल्या. मी म्हणाले, “तो आता तिथे राहत नाही. दोघं वेगळी झालीत. कार्यक्रम तिचा आहे, तिला हवा तसा ती करील.” या दोघींसमोर मी ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. मग इंदुबाईंनीच प्रणिताला आवाज वाढवायला सांगितला आणि आम्ही तुझा भाग शेवटपर्यंत ऐकला.

दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहिलं. इथे आता सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा माझ्यासाठी सांभाळून बोलू नकोस. अजून एक. तू फोन करत नाहीस, ते मला काय म्हणून हाक मारायची हे ठरत नसेल म्हणून, असं मला वाटतं. आई म्हणालीस तर मला आवडेल. जड जात असेल तर मधुमतीताई म्हण. पण फोन कर. रविवारी तुझं नुसतं ऐकून माझं भागत नाही गं, मलाही तुझ्याशी बोलायचं असतं.

तुझीच,
मधुमती