तुझ्या नावानं सूड

प्रिय दत्तू,

उद्या तुला जाऊन वर्ष होतंय. पण हे पत्र आठवणीपोटी नाही बरं का. आठवण रोजच येते, तिला कागद लागत नाही. लिहितेय कारण तुझ्या नावानं काहीतरी वाईट घडायला निघालंय आणि ते बोलायला घरात कुणी नव्हतं. आई आज दुपारपर्यंत ऐकून घेत नव्हती. मग म्हटलं, तुलाच सांगावं.

चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. केवढा मोठा! स्थळांना पाठवायला काढलेला तो निळ्या शर्टातला फोटो आहे ना, नाक फुगवून बसलेला, तोच. वर लिहिलंय, 'वीर दत्ता'. वीर! झुरळ दिसलं की पलंगावर चढणारा तू! मला उभ्या उभ्या हसू फुटलं रे. मग खालची ओळ वाचली, 'हे रक्त वाया जाणार नाही.' मी तशीच गाडी ढकलत घरी आले.

फ्लेक्स लावणारी ही संघटनेची पोरं पहिल्यांदा तुझ्या तेराव्याला आली होती. मांडव त्यांनी घातला, पंगती त्यांनी वाढल्या. आपण शेंद्र्याहून इथं राहायला आलेली माणसं, शहरात आपलं होतं कोण? मला तेव्हा बरंच वाटलं. त्यांच्यातला तो पुढारी, सगळे त्याला भाऊ म्हणतात, आईचे पाय धरून म्हणाला, "मावशी, आजपासून आम्ही सगळे तुझी लेकरं." आई त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर रडली. पुढं तुझा फोटो त्यांच्या कार्यालयात गेला, आणि तुझा अपघात हळूहळू घातपात झाला. टेम्पोवाल्याचं नाव रफिक होतं, त्यांना तेवढं पुरलं.

आणि खरं काय, ते तुझ्याशिवाय कुणाला जास्त माहीत? वाळूजची शिफ्ट सुटली, वळसा वाचवायला तू राँग साइडनं गाडी घातलीस, थेट त्या टेम्पोसमोर. हेल्मेट हँडलला! किती वेळा ओरडले असेन मी तुझ्यावर? जेवायचास तेसुद्धा उभ्यानं, जसं काही कंपनी तुझ्यावाचून बंदच पडणार होती. अजून राग येतो मला तुझा, खरंच येतो.

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात शुद्धीवर आलास. म्हणालास, "अक्का, त्या माणसाला कुणी शिव्या देऊ नका. मीच चुकलो." आई तुझे पाय चेपत बसली होती, तिनंही ऐकलं. रफिकभाई बाहेर उभेच होते. खुलताबादहून पेरू घेऊन निघालेला माणूस, पेरू तिथंच रस्त्यावर ओतून त्यांनी तुला टेम्पोत घातलं होतं. शर्ट तुझ्या रक्तानं भरलेला. आईनं आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तीच आई वर्षभर म्हणत आली, "मला काय बाई आठवत नाय."

आता सोहमचं सांगते. माझ्या वर्गातला, दहावीचा. बापाची कंत्राटातली नोकरी गेली, तो दिवसभर भिंतीकडं तोंड करून झोपतो. पोरगं मुखदुर्बळ, गणितात कच्चं, खेळात कुणी घेत नाही. दिवाळीनंतर येऊन म्हणाला, "मॅडम, माझा बाक बदलून द्या." शेजारी बसायचा इम्रान, पाचवीपासून दोघं एका डब्यात जेवायचे. मी विचारलं, भांडलात का? तर म्हणाला, "भांडण नाही. तसल्यांशेजारी बसायचं नाही." तसल्यांशेजारी! हा शब्द त्याचा नव्हता रे. कुणीतरी त्याच्या तोंडात घातला होता.

शाळेनं मला समुपदेशनाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथल्या मॅडमना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "वाद घालू नका. वादात ही मुलं नुसती जिंकायला बघतात. तिथं त्याला काय मिळतं ते आधी शोधा." मी शोधलं. त्याला हाक मारणारं माणूस मिळालं होतं. काळा टी-शर्ट मिळाला होता, सभेत माइक धरायला मिळत होता. भाऊ त्याला वाघ म्हणतो. आणि दत्तू, जेवायला मिळत होतं आपल्याच घरी! दर रविवारी पोरं आईला भेटायला येतात ना, त्यात तोही. आई त्याला तुझ्या ताटात वाढते.

मी रोज त्याच्याशी बोलत राहिले. वर्गाची लायब्ररी त्याच्याकडं दिली, त्याच्या बापाला शाळेत बोलावून दोघांना समोरासमोर बसवलं. पोरगं जरा मोकळं झालं, एकदा हसलंसुद्धा. वाटलं, येतंय हाताशी. मग परवा शाळा सुटल्यावर तो थांबला. किती मायेनं बोलला म्हणून सांगू! "मॅडम, तुम्ही आता रडायचं नाही. दादाचा हिशोब आम्ही करणार. त्या टेम्पोवाल्याचं घर बघून आलोय आम्ही. दार रस्त्यावरच आहे."

मी विचारलं, "कधी?" तो नुसता हसला. "चौकातला दादाचा वर्षाचा कार्यक्रम होऊ द्या की."

मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, राँग साइड, पेरू, तुझं शेवटचं बोलणं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग हळूच विचारलं, "मॅडम, तुम्हाला कुणी धमकी दिलीय का? भाऊ म्हणालेच होते, घरच्यांना घाबरवून खोटं बोलायला लावतील." मी खरं सांगणार याचीही तयारी त्यांनी त्याच्याकडून आधीच करून घेतली होती. जाताना म्हणाला, "आजींना विचारतो मी. आजी माझ्याशी खोटं बोलणार नाहीत."

प्रशिक्षणातल्या मॅडमनी बजावलं होतं, कुणाच्या जिवावर बेतणार असेल तर गुपित ठेवायचं नाही. मी मुख्याध्यापकांना घेऊन पोलिसात गेले. ते म्हणाले, लक्ष ठेवतो. रफिकभाईंना फोन केला, चार दिवस पाव्हण्यांकडं जा म्हटलं. तर म्हणाले, "मैं कायकू भागूं, बाजी? मैं तो उसकू उठाया था." त्यांच्या दारात पोलीस उभा राहीलही कदाचित. पण ज्या पोराला उद्या तिथं ढकलतील, त्याचं काय? त्याच्यासाठी कोण उभं राहणार?

म्हणून आज दुपारी आईपुढं बसले. म्हटलं, "सोहम विचारायला येईल. त्याला खरं सांग."

आई भडकली. "मग माझ्या लेकाचं काय उरलं गं? राँग साइडनं मेला म्हणू? चौकात लोक हात जोडत्यात त्याला! तुला सोसना का ते?"

"आई, त्याच हातांनी उद्या एखाद्याचा जीव घेतील."

"मला काय आठवत नाय!"

मीही मग आवाज चढवला. म्हटलं, "तुझा एक लेक रस्त्यानं नेला. हा दुसरा, तू जेवू घातलेला, त्याला तू स्वतः पाठवणार आहेस का? जेलात डबा घेऊन जाशील त्याच्या?" फार लागट बोलले रे. तिनं पदर तोंडात धरला. तो सोडून म्हणाली, "ऐकलं होतं मी. पाणी पण दिलं होतं त्याला." आणि मग, "पोराला फोन लाव. मी सांगते."

फोन लावला. बंद. घरी विचारलं तर बाप म्हणाला, सकाळीच बाहेर पडलाय, कुठं ते माहीत नाही. त्या पोरांतल्या त्याच्या खास मित्राचाही फोन बंद. पोलिसांना पुन्हा कळवलंय. कार्यक्रम उद्या आहे दत्तू, मग पोरं आजच कुठं गेली?

आई चपला घालून दारात उभी आहे, म्हणून घाईत लिहितेय. रिक्षा आली की आधी चौक, तिथं सोहम नसेल तर थेट खुलताबाद, रफिकभाईंच्या घरी.

उद्या मंडपात माइक कुणीही धरो, तू काय बोलला होतास ते मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. मग तू वीर राहणार नाहीस, घाईत चुकलेला माझा भाऊ राहशील. लोक हसले तर हसू देत. पण ते उद्याचं झालं. आजचा शब्द एवढाच देते, तुझ्या नावानं त्या दारात कुणी हात उचलला, तर त्याला तिथं आधी आपली आई दिसेल आणि तिच्या शेजारी मी.

तुझ्यावर अजून रागावलेली,
अक्का